पंधरा ऑगस्टची उपासना

आमच्या चर्चमध्ये पंधरा ऑगस्ट नाताळाइतकाच जोरात व्हायचा. आदल्या संध्याकाळी तरुण संघाची पोरं आवारात पताका बांधायची, महिला मंडळाच्या बायका प्रीतिभोजनाच्या चटणीसाठी शेंगा कुटायला बसायच्या आणि आम्ही संडे स्कूलची मुलं वचनं घोकत फिरायचो. झेंड्याची घडी घालायचा मान मात्र मिलमधून निवृत्त झालेल्या एका आजोबांचा. ते झेंडा टेबलावर पसरायचे, तळव्यांनी सुरकुत्या काढायचे, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवायचे आणि एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारायचे. तेवढा वेळ कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

सकाळी झेंडावंदन झालं की लगेच आत उपासना. पेटी, तबला, झांजा आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण देशप्रेम त्यांनी सोडलं नाही आणि संतांची भाषाही सोडली नाही. ख्रिस्ताची भक्ती अभंगातून होते, तिला परदेशी चालीची गरज नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. मला तर वाटतं, स्वराज्य यायच्या कितीतरी आधी मराठी ख्रिस्ती मंडळी इथे आपल्या पायावर उभी राहिली.

मग आमचं पाठांतर. बायबलमधलं गलतीकरांस पत्र, पाचवा अध्याय, पहिलं आणि तेरावं वचन. दरवर्षी हीच दोन. ख्रिस्तानं आपल्याला मोकळं केलंय, आता पुन्हा दास्याच्या जोखडाखाली जाऊ नका, हे पहिल्याचं सांगणं. ही मोकळीक देहाचे लाड पुरवायला दिलेली नाही, प्रेमानं एकमेकांची सेवा करा, हे तेराव्याचं.

वचनं झाली की आजोबा उठायचे आणि 1930 चं सोलापूर सांगायचे. त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, गाव पेटलं, गोळीबार झाला आणि पाठोपाठ मार्शल लॉ आला. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. आजोबा आम्हाला नावं पूर्ण म्हणायला लावायचे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. एखाद्यानं आडनाव गाळलं तर पुन्हा पहिल्यापासून. "दुसऱ्यानं जीव दिला म्हणून आपण मोकळे झालो, हे ख्रिस्ती माणसाला वेगळं सांगावं लागतं का रे बाळांनो?" असं ते विचारायचे. वधस्तंभाचा अर्थ मला पहिल्यांदा कळला तो या प्रश्नानं.

एका वर्षी पाळकसाहेबांनी जे. सी. कुमारप्पांबद्दल सांगितलं. गांधीजींच्या या ख्रिस्ती सहकाऱ्यानं तुरुंगात बसून येशूच्या शिकवणीवर लिहिलं. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जीही ख्रिस्ती, आणि आपल्या समाजाला राखीव जागा नकोत म्हणणाऱ्यांत ते होते, हेही त्याच दिवशी कळलं. घरी जाताना मान ताठ झाली होती.

जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी. जेवणं उरकली की तरुण संघ फळांच्या पिशव्या घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला निघायचा. तेरावं वचन असं दुपारच्या आत पाळलं जायचं.

अलीकडे कार्यक्रम आटोपशीर झालाय. झेंडा, फोटो, अल्पोपाहार. यंदा मुलांचं पाठांतर माझ्याकडे आलंय. वचनं तीच दोन देणार आहे, आणि चार नावं आडनावांसकट.