एकाच गाडीची दोन बिले
नागपुरात कळमना बाजारातल्या एका आडत्यासाठी आम्ही लिहिलेली प्रणाली घटनाधारित रचनेवर नेली, तेव्हा वजनाची नोंद, बिल आणि शेतकऱ्याला जाणारा एसएमएस ही कामे एकमेकांपासून सुटी झाल्याचे समाधान मोठे होते. वजन झाले की तेवढा संदेश काफ्कावर, म्हणजे संदेश साठवून इतर प्रोग्रामना वाचायला देणाऱ्या प्रणालीवर, टाकायचा. पुढचे ज्याचे त्याने पाहायचे. आंबिया बहराच्या गर्दीत संत्र्यांच्या एकाच गाडीची दोन बिले निघाली. बिल तयार झाले होते, पण संदेश वाचल्याची नोंद होण्याआधीच बिल करणारी सेवा (त्या कामाचा स्वतंत्र प्रोग्राम) बंद पडली आणि पुन्हा सुरू होताच तिने तोच संदेश इमानेइतबारे परत वाचला. आमच्या मांडणीत संदेश किमान एकदा पोहोचेल एवढीच हमी होती. ‘एकदाच’ हे आम्ही मनाने धरले होते. आता प्रत्येक संदेशाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि डेटाबेसच्या ज्या व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) बिल लिहिले जाते त्यातच तो क्रमांकही नोंदवला जातो, त्यामुळे दुसऱ्यांदा आलेला संदेश मुकाट्याने वगळला जातो. संदेशांच्या क्रमाचा घोळ लवकर सुटला: काफ्का क्रम राखते तो एका पार्टिशनपुरताच (संदेश ज्या भागांत वाटले जातात त्यांतल्या एका भागापुरताच), म्हणून गाडीचा क्रमांकच ‘की’ (key) म्हणून दिला, म्हणजे एका गाडीचे सगळे संदेश एकाच भागात जातात. चूक नेमकी कुठे झाली हे चार सेवांच्या लॉगमधून (त्यांनी केलेल्या कामाच्या नोंदींतून) शोधणे मात्र अजून जिकिरीचेच आहे, आणि खरे सांगायचे तर एवढ्या लहान चमूला हा पसारा हवाच होता का, याची मला शंका वाटते; एसएमएसपुरती एक साधी रांग पुरली असती.