शा टिनच्या दालनातले जाड तळाचे बूट

हाँगकाँगच्या चार दिवसांपैकी साडेतीन दिवस डोंगर, फेरीबोट आणि बाजारातल्या गर्दीत गेले. उरलेला अर्धा शा टिनच्या हेरिटेज म्युझियमसाठी. चे कुंग टेम्पल स्टेशनपासून चालत जाता येतं, कायमच्या दालनांना तिकीट नाही, मंगळवारी बंद. कँटोनीज ऑपेराच्या, म्हणजे दक्षिण चीनमधल्या पारंपरिक संगीत नाटकाच्या दालनाला निदान दोन तास द्या. घाईत फक्त जरतारी कपडेच दिसतात.

माझा बराच वेळ नायकाच्या बुटांपाशी गेला. काळे, उंच, तळ पांढरा आणि चांगलाच जाड. तळ वाकत नाही, म्हणून नेहमीसारखी टाच टेकवून चालता येत नाही. गुडघ्यातून पाय उचलायचा, तळ प्रेक्षकांना दिसू द्यायचा, मग पाऊल सपाट ठेवायचं. घाई झाली की पाऊल कडेवर पडतं, घोटा मुरगळतो.

याम किम-फाई ही बाई अशाच बुटांत आयुष्यभर नायक झाली. 1930च्या दशकात ती फक्त बायकांच्या मंडळींत पुरुषपात्रं करायची. बालगंधर्वांचं नाव ऐकत वाढलेल्यांना ही उलटी वाट लगेच कळेल. नायकाचं गाणं नैसर्गिक, खालच्या आवाजात असतं. नायिकेचं बारीक, वर चढवलेल्या आवाजात. यामचा खर्ज इतका भरीव, की शेजारी तिची नायिका पाक सुएत-सिन गायली की दोन पात्रं कानांनीच वेगळी कळतात. दोघींनी 1956मध्ये सिन फुंग मिंग मंडळी काढली. त्यांचा नाटककार तोंग तिक-सांग 1959मध्ये गेला, आणि मंडळीचं बळच खचलं.

यामचे सिनेमे तीनशेच्या वर. त्या काळी कितीतरी चित्रपट आठवडाभरात उरकत. सेट तोकडे, चुका तशाच राहिलेल्या. शिवाय कॅमेरा कमरेशी कापतो, बूट दिसतच नाहीत. मग पुरुषपण खांद्यांवर, मानेवर आणि बाहीच्या फेकीवर येतं, आणि यामचं तिथेही टिकतं. 1959चा ‘राजकुमारी चांग पिंग’ त्यासाठीच बघावा.

नायिकेच्या रंगभूषेत कपाळ-गालांवर केसांच्या पट्ट्या चिकटवतात. डिंक म्हणजे लाकडाचा कीस भिजवून सुटलेला बुळबुळीत रस. पातळ राहिला तर घामाने पट्टी घसरते. डोळ्यांचे कोपरे वर ओढायला डोक्याला फडकं आवळतात. सैल बांधलं तर नजर पडते, घट्ट बांधलं तर डोकं ठणकतं, मळमळतं. हे सांभाळून मग तासन्‌तास गायचं.