आज दिवसभर बाटल्यांचा हिशोब

सकाळपासून बॉटलिंग प्लांटवर होते, बाटल्यांच्या एलसीएचा डेटा गोळा करायला. एलसीए म्हणजे कच्च्या मालापासून भंगारापर्यंत वस्तूचा पर्यावरणावरचा सगळा भार मोजायचा, १९६९ मध्ये कोका-कोलाने बाटल्या-कॅनसाठी असा अभ्यास करून घेतला तिथून ही पद्धत सुरू झाली असं मानतात. गणित जमतं हो, आकडे मिळवणं हेच खरं काम! प्रीफॉर्म (जी फुगवून बाटली बनते ती छोटी प्लास्टिकची नळी), झाकण, लेबल, श्रिंक रॅप सगळं काट्यावर ठेवलं, ते पटकन झालं. मग वीज. पेट प्लास्टिकची बाटली फुगवायला ३०-४० बार दाबाची हवा लागते, कॉम्प्रेसर भरपूर युनिट खातो पण मीटर अख्ख्या शेडला एकच, आता त्यातली बाटलीच्या वाट्याची वीज किती? शेवटी ऑपरेटर दादांनी स्वतःहून लॉगबुक आणून दिलं, प्रत्येक शिफ्टचे तास नीट लिहिलेले, मला इतकं बरं वाटलं ना. अशा माणसांमुळेच आमचे रिपोर्ट उभे राहतात.

काचेचं वेगळंच, बाटली किती वेळा परत येऊन भरली जाते त्यावर सगळं उत्तर फिरतं. उद्या फुटक्या बाटल्यांचं रजिस्टर बघायला परत जायचंय.