चौथी पायरी

होळी होऊन आठ दिवस झाले होते, कुलर अजून गच्चीवरच होता, आणि जेवून जरा आडवं व्हावं म्हटलं तर दारासमोर ब्रेकर सुरू झाला. पाइप टाकायचा होता म्हणे. कसला, ते मी विचारलं नाही. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माणसाने असले प्रश्न विचारायचे नसतात.

झोप तर गेलीच होती, म्हणून ओट्यावर येऊन उभी राहिले आणि सवयीने वाकले. खड्डा दिसला की आत पाहायची मला खोड आहे. लग्नाला निघालेली असले तरी थांबते.

वर सिमेंटचा जाड थर. त्याखाली डांबर, मग गिट्टी, परत डांबर, मुरूम, आणि तळाशी आपली काळी माती. कापलेल्या केकसारखं सगळं स्वच्छ दिसत होतं. खालच्या डांबरात काहीतरी गोल रुतलेलं होतं.

"काऊन काकू, काही पडलं का?" खड्ड्यातल्या पोराने विचारलं.

"नाही रे, पाहून राहिली. ते गोल काय आहे, काढून दे बरं."

त्याने सब्बलीने ते उचकटून दिलं. बाटलीचं झाकण होतं. कंगोरे गंजून गेलेले, पण मधे नारिंगी रंग अजून नखाएवढा शिल्लक. गोल्ड स्पॉट! संत्र्यांच्या गावात राहून आम्ही पोरं संत्र्याच्या नावाचं ते रंगीत पाणी किती हौसेने प्यायचो! कोपऱ्यावर पानठेला होता. मे महिन्यात डांबर इतकं मऊ व्हायचं की ठेल्यापुढे फेकलेली झाकणं पायाखाली, सायकलीखाली दबून रस्त्यात बसायची. पानठेल्यापुढचा रस्ता टिकल्या लावल्यासारखा दिसे. १९९३ साली पार्लेने गोल्ड स्पॉटसकट आपली शीतपेयं कोका-कोलाला विकली आणि मग काही वर्षांत गोल्ड स्पॉट दिसेनासं झालं. म्हणजे हे डांबर त्याच्या अलीकडचं नाही. झाला की नाही काळ निश्चित!

काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती खणून १८७९ साली त्यांच्यावर लिहूनही ठेवलं. ती वर्तुळं ज्या काळातली, त्याला लोहयुग म्हणतात. आमच्या गल्लीत निघालेलंही लोखंडच होतं, पण त्याच्यासाठी कोणी टोपी घालून येणार नाही.

अमेरिकेत मात्र आले असते. तिथे टक्सनला विल्यम रथजे नावाचे पुरातत्त्वज्ञ होते. ते १९७३ पासून विद्यार्थ्यांना घेऊन लोकांच्या घरचा कचरा निवडत बसायचे. लोक सांगायचे, बिअर आम्ही एवढीशीच पितो. डबे निघायचे भरपूर. पुढे त्यांनी कचऱ्याचे डेपोही खणले. कित्येक वर्षांपूर्वी फेकलेली वर्तमानपत्रं तिथे वाचण्यासारखी निघायची आणि त्यांच्या तारखेवरून भोवतालच्या कचऱ्याचं वय कळायचं. हे वाचल्यापासून कचरागाडीत डबा रिकामा करताना मी थोडी दबूनच असते. आम्ही गोड फारसं खात नाही, असं मी पाहुण्यांना सांगते, आणि डब्यात संत्रा बर्फीचे खोके असतात.

झाकणाची फिरकी आम्हीच केली असेल असं नाही, सगळ्यांनीच केली असेल. झाकण ठोकून सपाट करायचं, खिळ्याने दोन भोकं पाडायची, आईच्या शिवणातला दोरा ओवायचा आणि ओढ-सोड, ओढ-सोड. हवेत 'फुर्र' आवाज घुमायचा. दादा आपली झाकणं इतवारी स्टेशनच्या बाजूला छोट्या लाइनीच्या रुळावर ठेवून यायचा. गाडी गेली की कागदासारखी पातळ. मला तिकडे जायची बंदी, म्हणून मी खलबत्त्यातला बत्ता चोरून आमच्या ओट्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ठोकत बसायची. ठोकून ठोकून त्या काळ्या दगडाला एक खळगा पडला होता. पावसात त्यात पाणी साचायचं, चिमण्या प्यायच्या. एकदा दादाची फिरकी माझ्या केसांत अडकली आणि आईने कात्रीच आणली. त्या वर्षीच्या वर्गाच्या फोटोत माझ्या कानावर एक भलतीच बट उभी आहे.

ती पायरी आता नाही. म्हणजे आहे, पण रस्त्याखाली. आमच्याकडे जुन्या डांबरावरच नवं डांबर, त्यावर सिमेंट. रस्ता चढत गेला, घरं जिथल्या तिथे राहिली. आमचा ओटा चांगला चार पायऱ्या उंच होता. आज दोनच उरल्या आहेत, आणि मोठा पाऊस झाला की पाणी थेट दिवाणखान्यात येऊन बसतं.

पोरगा ओट्याच्या कडेने खणत आला तेव्हा मी उतरून रस्त्यावर आले. मुरुमातून काळ्या दगडाची कड निघाली. तिसरी पायरी. त्याने फावड्याने वरची माती ओढली. गुळगुळीत दगड, खळगा नाही.

"अजून थोडं खाली जा ना रे."

"अडीच फूटच सांगितलं आहे काकू. पाइप बसते तेवढ्यात."

संध्याकाळी दादाला फोन केला. पुण्यात तीस वर्षं झाली, पण त्याचं 'तं' काही गेलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, झाकणाला "वा" म्हणाला, आणि मग म्हणाला, "चौथी कोणती? तीनच तं होत्या."

"अरे, खळगा नव्हता का खालच्या पायरीला?"

"खळगा पाट्याला होता. आई ओरडायची तुला."

मी फोन कानाला तसाच धरून बाहेर आले. मुरूम लोटून त्यावर पाणी मारून झालं होतं. पोरं फावडी धुवत होती.