आमची वाटचाल: मंगळवेढ्याची काळी रानं आणि आमचा ओव्हन

सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या डेटावरून आम्ही रानातला ओलावा सांगतो. हा डेटा सगळ्यांनाच फुकट, मग तुमचं भांडवल काय, असं लोक विचारतात. भांडवल म्हणजे सोलापुरातल्या आमच्या खोलीतला ओव्हन. रानातून कोअरने, म्हणजे मातीत ठोकायच्या नळीने, माती काढायची, डबीचं झाकण बांधावरच घट्ट लावायचं, वजन, १०५ अंशांवर २४ तास, पुन्हा वजन. वजनातली घट म्हणजे मातीतलं पाणी. त्या आकड्याशी जुळवल्याशिवाय व्हीव्हीच्या, म्हणजे रानावरून परत आलेल्या रडार सिग्नलच्या, डेसिबलला आम्ही ओलावा म्हणत नाही.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग एका साखर कारखान्याचं काम हातचं गेलं. दुसऱ्या कंपनीने गटनंबरवार रंगीत नकाशा दाखवला, तोही रोजच्या रोज! सेंटिनेल त्याच कक्षेवर परत येतो १२ दिवसांनी. मी तो नकाशा मोठा करून पाहिला. पाटाखालचं रान आणि शेजारचा जिरायती माळ, दोन्हींचा आकडा दशांशापर्यंत एकच. नासाच्या स्मॅप या ओलावा मोजणाऱ्या उपग्रहाचा पिक्सेल, म्हणजे नकाशातला एक चौकोन, होता तो. स्मॅपचा रडार जुलै २०१५ मध्येच बंद पडला. उरलेल्या रेडिओमीटरची, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपणाऱ्या यंत्राची, नजर ४० किलोमीटरची. ९ किलोमीटरच्या जाळीत बसवला म्हणून त्यातून गुंठा दिसतो होय? शेतकी अधिकाऱ्यांना हे समजावलं, तर म्हणाले, “तुमचा नकाशा राखाडी का हो?”

आमची मागची बाकीही तिथेच अडकली. पोरांचे पगार थकले, ओव्हन विकायला काढला.

तारलं ते मंगळवेढ्याच्या तात्यांनी. भारी काळं रान, मालदांडी ज्वारी, सगळी भिस्त जमिनीतल्या ओलीवर. पेरणीआधी रान मोकळं असतं, सेंटिनेलच्या साडेपाच सेंटीमीटरच्या रडार लाटेला, म्हणजे सी-बँडला, आणखी काय हवं? फक्त कुळवाची पाळी पडली की पृष्ठभाग खडबडीत होतो, सिग्नल चढतो आणि कोरडं रान ओलं दिसतं. म्हणून तात्या पाळी घातली की फोन करायचे, “आज कुळवलंय, लिहून ठेवा.” भावकीचे पैसेही त्यांनीच पेरणीआधी गोळा करून आणून दिले. ओव्हन राहिला.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो, उभ्या उसाखालचा ओलावा सी-बँडवर विकू नका, रडारला पानंच दिसतात. मोकळ्या रानातही वरच्या पाचेक सेंटीमीटरचंच बोला. कुणी दीड फुटावरचं विचारलं तर गिरमिट घेऊन जा. जुलै २०२५ मध्ये नासा-इस्रोचा निसार हा रडार उपग्रह गेला, त्याची २४ सेंटीमीटरची लाट पिकात जास्त शिरते. तरी डब्या भराव्या लागतीलच, आणि त्या स्वतः भरा.

मागच्या हंगामात त्याच कारखान्याचा निरोप आला, या म्हणून. जुनी बाकी जमा झाली की येतो, असं कळवलंय.