परवानगी घेतली, पुढे?

मोर्चांचे फोटो दाखवायला पुण्यात कुठेही गेलं, की एक प्रश्न ठरलेला असतो, "लोकांची परवानगी घेता का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. घेते. पण नुसत्या परवानगीवर माझा भरवसा नाही.

१८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसकरांनी बंड करून शहराची सत्ता हाती घेतली त्या दिवसांत लोक बॅरिकेडवर बंदुका घेऊन फोटोला उभे राहिले. राजीखुशीने, हौसेने. कम्यून चिरडलं गेलं आणि तेच फोटो पोलिसांना माणसं ओळखायला कामी आले. त्यांचा होकार खरा होता, पण राज्य बदललं तेव्हा तो त्यांच्या काही उपयोगाचा राहिला नाही.

निकाराग्वात १९७८ मध्ये मोनिम्बो वस्तीतल्या बंडखोर पोरांनी तर लोकनृत्यातले मुखवटे चढवूनच छायाचित्रकार सुझन मायझेलसना फोटो काढू दिला. मायझेलस यांचाच दुसरा फोटो १६ जुलै १९७९ चा. तिथल्याच एस्तेली शहरात पेप्सीच्या बाटलीतला पेटता बॉम्ब फेकायच्या तयारीतला तरुण. दुसऱ्याच दिवशी हुकूमशहा सोमोसा पळाला, म्हणून तो चेहरा पुढे काडेपेट्यांवर, भिंतींवर झळकला. सोमोसा टिकला असता तर? मायझेलस फोटोतल्या माणसांना शोधत नंतर परत गेल्या. २००४ मध्ये तर त्यांनी आपले फोटो भलेमोठे करून जिथे काढले होते तिथेच लावले. मला त्यांच्या फोटोंइतकंच हे परत जाणं मोलाचं वाटतं.

आपल्याकडे जिल्हाधिकारी कचेरीसमोर घरकामगार बायका धरणं धरतात. त्यांना पोलिसांपेक्षा भीती असते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची. चेहरा तिथे फिरला तर उद्या काम राहील का? घोषणांच्या भरात "काढा की ताई" म्हणणारी बाई हा विचार करत नाही, करूही नये. तो मी करायचा. म्हणून त्याच दिवशी फोटो टाकत नाही. स्क्रीनवर दाखवते, कुठे छापून येणार ते सांगते, माझा नंबर देते. मागाहून "नको" म्हणाली तर कारण न विचारता फोटो काढून टाकते. संपादक चिडतात, चिडू देत.

पण सरसकट चेहरे पुसणंही मला पटत नाही. एका आजींनी बजावलं होतं, "माझं तोंड झाकू नका, मी काय चोरी केलीय?" त्यांचा फोटो मी पूर्ण चेहऱ्यासकट लावते. मात्र प्रत्येक प्रदर्शनाआधी फोन करून पुन्हा विचारते.