परतफेडीची आशा न धरता

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आमच्या बांधाच्या अलीकडे आमची भातखाचरे आहेत आणि पलीकडे काकांची. दोन्ही घरांचे बोलणे वाटणीपासून तुटले आहे, तरी मृगाचा पाऊस दोन्हींकडे सारखाच पडतो. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू याच पावसाकडे बोट दाखवतो: स्वर्गीय पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवरही पाऊस पाडतो, म्हणून त्याच्या लेकरांनी वैऱ्यांवरही प्रीती करावी. जे आपल्यावर प्रीती करतात त्यांच्यावरच प्रीती करणे तर त्या काळी पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांनाही जमते.

आपण चांगले वागत राहिलो की समोरचा माणूस कधी ना कधी वळतोच, असा या शिकवणीचा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो. मला तो पटत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात परत मिळण्याची आशा न धरता उसने द्यायला सांगितले आहे. मग समोरचा वळावा म्हणून केलेली प्रीती हा व्यवहारच झाला. पुढे सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका असलेला माणूस, परततो. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशू विचारतो, म्हणजे ते न येणे त्याला जाणवले. पण त्या नऊ जणांना दिलेले आरोग्य त्याने काढून घेतले नाही.

आई दर नाताळाला काकूंकडे करंज्यांचे ताट झाकून पाठवते. आमच्याकडे आलेले भांडे कोणी रिकामे परत करत नाही, घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालतात. काकूंकडून ताट रिकामे येते, कधी न धुतलेले. आईला ते लागते. ती ताट धुऊन फडताळात ठेवते आणि रात्रीच्या प्रार्थनेत काकूंचे नाव त्यांच्या गुडघेदुखीसकट घेते. हे बळ स्वभावातून येत नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, हे प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातले वचन तिने मनापासून धरले आहे.

मात्र घरात मार खाणाऱ्या सुनेला हीच वचने ऐकवून गप्प बसवले जाते, तेव्हा मला संताप येतो. वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, असे त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात सांगणारा पौल तेथेच सर्वांबरोबर शांतीने राहण्याविषयी लिहिताना ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितके’ अशा दोन अटी घालतो, आणि त्या सुनेला वचने वाचून दाखवायचीच असतील तर आधी या ओळी दाखवायला हव्यात.